दोन मेंदूभाग खरंच एकमेकांशी बोलतायत का? खुल्या डेटावर पहिलं काम करणाऱ्यांसाठी

लेगोच्या खेळण्यातलं एक रबरी चाक. त्यावर पुढचे पंजे टेकवून उंदीर बसलेला असतो, डोकं एका जागी स्थिर धरलेलं. समोरच्या पडद्यावर डावीकडे किंवा उजवीकडे पट्ट्यांचा एक गोल उमटतो. चाक फिरवून तो मधोमध आणला की पाण्याचा थेंब मिळतो. उलट्या दिशेला नेला की खरखराट ऐकू येतो आणि पुढच्या ट्रायलसाठी थोडं थांबावं लागतं. पट्ट्या कधी ठळक असतात, कधी इतक्या पुसट की दिसतच नाहीत. एका बैठकीत उंदीर हे शेकडो वेळा करतो.

इंटरनॅशनल ब्रेन लॅबोरेटरी या गटाने हाच खेळ अमेरिका आणि युरोपातल्या १२ प्रयोगशाळांमध्ये तंतोतंत एकसारखा मांडला. उंदीर खेळत असताना मेंदूत न्यूरोपिक्सेल्स नावाचे बारीक प्रोब सोडून न्यूरॉनचे ठोके, म्हणजे स्पाइक, टिपले. १३९ उंदीर, ६९९ वेळा सोडलेले प्रोब, मेंदूचे २७९ भाग आणि ६,२१,७३३ न्यूरॉन. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'नेचर'मध्ये यावरचे निबंध आले, आणि सगळा डेटा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो.

पायथॉन थोडंफार येतं, मेंदूबद्दल कुतूहल आहे, पण जवळपास प्रयोगशाळा नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी मी हे लिहिते आहे. साधारण महिनाभर संध्याकाळचे दोन तास दिलेत तर एक खरा प्रश्न तुम्ही स्वतः हाताळू शकाल: मेंदूचे दोन भाग एकमेकांशी बोलतात असं आपण म्हणतो, ते या डेटात दिसतं का?

आधी प्रयोग समजून घ्या, मग कीबोर्डला हात लावा

डेटा उतरवायची घाई करू नका. पहिले दोन-तीन दिवस फक्त प्रयोगाची रचना वाचा. पुढच्या बहुतेक चुका इथल्या अर्धवट समजुतीतून होतात.

पट्ट्यांचा ठळकपणा, म्हणजे कॉन्ट्रास्ट, पाच प्रकारचा असतो: १००, २५, १२.५, ६.२५ आणि ० टक्के. पहिल्या ९० ट्रायलमध्ये गोल डावीकडे येण्याची आणि उजवीकडे येण्याची शक्यता सारखीच असते. त्यानंतर पारडं झुकतं. काही ट्रायल ८० टक्के वेळा डावीकडे, मग काही ट्रायल ८० टक्के वेळा उजवीकडे. असा एक टप्पा २० ते १०० ट्रायलचा असतो आणि तो कधी बदलला हे उंदराला कुणी सांगत नाही. कॉन्ट्रास्ट शून्य असताना पडद्यावर काहीच दिसत नाही, तरीही एक बाजू बरोबर ठरलेली असते. तिथे उंदराला आधार असतो तो फक्त आधीच्या ट्रायलवरून बांधलेल्या अंदाजाचा. म्हणून शून्य कॉन्ट्रास्टच्या ट्रायल फार मोलाच्या आहेत, त्या गाळू नका.

आणखी एक गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवा. गोल उमटतो त्याच क्षणी ५ किलोहर्ट्झचा एक छोटा सूरही वाजतो. त्यामुळे एखादा न्यूरॉन गोल दिसल्यावर पेटला असं वाटलं, तरी तो आवाजाला प्रतिसाद देत असू शकतो. शून्य कॉन्ट्रास्टलाही तो तसाच पेटत असेल तर संशय घ्या.

आता इतका एकसारखेपणा कशासाठी? मेंदूविज्ञानात वर्षानुवर्षं प्रत्येक प्रयोगशाळेने आपला वेगळा खेळ, वेगळी यंत्रं, वेगळे उंदीर वापरले. एकाला दिसलेलं दुसऱ्याला दिसलं नाही, तर दोष मेंदूच्या भागात शोधायचा की चाकाच्या रबरात, हेच कळत नसे. २०१७ साली हा गट सुरू झाला तेव्हा समोर आदर्श होता भौतिकशास्त्रातल्या मोठ्या सहकार्यांचा. आपल्या हिंगोलीतल्या, गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या लायगो प्रकल्पाबद्दल वाचलं असेल तर कल्पना येईल: दूर दूर बसलेली यंत्रं एकाच पद्धतीने मोजतात, म्हणूनच त्यांच्या नोंदी शेजारी ठेवता येतात. २०२१ मध्ये या गटाने पहिला मोठा हिशेब मांडला. तीन देशांतल्या सात प्रयोगशाळांत १४० उंदीर शिकवले, ५० लाख निर्णय नोंदवले. शिकण्याचा वेग उंदरागणिक आणि प्रयोगशाळेगणिक वेगळा निघाला. पण शिकून झाल्यावर प्रयोगशाळांमध्ये वागणुकीचा लक्षणीय फरक उरला नाही. ही गोष्ट मला आजही थोर वाटते, कारण तुमचं-माझं लॅपटॉपवरचं काम तिच्यावरच उभं आहे.

लॅपटॉपची तयारी

साधा लॅपटॉप चालतो, १६ जीबी मेमरी असेल तर उत्तम. पायथॉन, ज्युपिटर आणि गटाने स्वतः बनवलेलं 'वन' नावाचं पॅकेज बसवा. सार्वजनिक डेटाबेसला जोडण्याच्या दोन ओळी त्यांच्याच मार्गदर्शक पानांवर आहेत, त्या तशाच उतरवा.

कच्चा डेटा मात्र उतरवू नका. एका प्रोबवरून एका वेळी ३८४ जागांची नोंद होते, सेकंदाला ३०,००० वेळा. हिशेब केलात तर तासाला ८० जीबीच्या वर जातं. तुम्हाला हव्यात त्या स्पाइक वेगळे काढून झालेल्या फाइली, म्हणजे कुठल्या न्यूरॉनने कुठल्या सेकंदाला ठोका दिला एवढंच. एका सेशनसाठी, म्हणजे उंदराच्या एका बैठकीच्या नोंदीसाठी, ते काही शे एमबीत भागतं.

कुठलं सेशन निवडायचं

नवीन माणूस इथे हरवतो, कारण सेशन शेकड्यांनी आहेत. माझा सल्ला स्पष्ट आहे: गट ज्याला 'रिपीटेड साइट' म्हणतो, तिथूनच सुरुवात करा. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मुद्दाम मेंदूच्या त्याच एका ठिकाणी प्रोब सोडून पाहिला, आपले निकाल जुळतात का हे तपासायला. डाव्या बाजूला सोडलेला हा प्रोब वरून खाली जाताना कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, दृष्टीशी निगडित मागचा भाग, त्याखाली स्मृतीशी जोडलेला हिप्पोकॅम्पस आणि तळाशी इंद्रियांचे निरोप कॉर्टेक्सकडे पोचवणारा थॅलॅमस असा प्रवास करतो. थॅलॅमसमध्ये तो ज्या भागात शिरतो त्याला 'एलपी' म्हणतात. दृष्टीशी संबंधित कॉर्टेक्स आणि एलपी यांच्यात दोन्ही दिशांनी तंतू जातात, हे शरीररचनेवरून आधीच माहीत आहे. म्हणजे संवाद असायला हवा अशी जोडी एकाच प्रोबवर, एकाच वेळी, आयती हाती येते. शिवाय दोन्ही भाग प्रोबवर पुरेसे दूर आहेत, त्यामुळे एकाच न्यूरॉनचा ठोका दोन्हीकडे मोजला जाण्याची भीती नाही.

एकाच वेळी टिपलेले, हे शब्द महत्त्वाचे आहेत. सोमवारी एका उंदराच्या कॉर्टेक्समधून आणि मंगळवारी दुसऱ्याच्या थॅलॅमसमधून घेतलेल्या नोंदींत सरासरीची तुलना होते, संवाद शोधता येत नाही. ६,२१,७३३ हा आकडा पाहून सगळ्यांची सगळ्यांशी जोडी लावायला बसू नका. जोड्या लावायच्या त्या एका सेशनच्या आतच.

चाळणी

प्रत्येक न्यूरॉनला दर्जाचा शेरा दिलेला असतो. तीन निकष आहेत. दोन ठोक्यांमध्ये न्यूरॉनला जो किमान विसावा लागतो तो पाळला गेलाय का, कमी उंचीचे ठोके गोंगाटात कापले गेलेत का, आणि ठोक्यांची उंची ५० मायक्रोव्होल्टच्या वर आहे का. तिन्ही पास असतील तर शेरा १. सुरुवातीला फक्त शेरा १ असलेले घ्या. संपूर्ण डेटात असे न्यूरॉन ७५,७०८ आहेत, म्हणजे साधारण आठांतला एक. एका प्रोबवर हाती कमी उरतात, मन खट्टू होतं, पण हीच खरी शिल्लक आहे.

मग न्यूरॉन कुठल्या भागातला ते पाहा. भागाच्या जागी 'रूट' लिहिलेलं असेल तर तो मेंदूत आहे, पण ठरावीक भागात बसत नाही. 'व्हॉइड' म्हणजे मेंदूच्या बाहेर. दोन्ही बाजूला काढा.

ट्रायलचा तक्ता आणि त्यातला खड्डा

प्रत्येक ट्रायलची एक ओळ: गोल कधी उमटला, चाक पहिल्यांदा कधी हललं, निकाल कधी कळला, उंदराने कुठली बाजू निवडली. डाव्या कॉन्ट्रास्टचा एक स्तंभ, उजव्याचा दुसरा.

इथे थांबा. गोल उजवीकडे असेल तर डाव्या स्तंभात शून्य नसतं, 'नॅन' असतं, म्हणजे रिकामं. शून्य म्हणजे गोल डावीकडेच होता, पण कॉन्ट्रास्ट शून्य होता. सवयीने रिकाम्या जागी शून्य भरलंत की दोन्ही बाजूंची सरमिसळ होते आणि पुढचा सगळा हिशेब वाकडा जातो. प्रोग्राम कुठेही तक्रार करत नाही. माझा एक पूर्ण आठवडा यातच गेला. आलेख सुरेख दिसत होते आणि सगळे चुकीचे होते.

निवडीच्या स्तंभात दोन बाजूंसाठी १ आणि -१ असतात. कुठला डावा, कुठला उजवा हे पाठ करण्यापेक्षा डेटालाच विचारा. उजवीकडे १०० टक्के कॉन्ट्रास्ट आणि थेंब मिळालेला, अशा ट्रायल काढा आणि तिथे कुठली खूण आहे ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे, दर सेशनला करा.

सेशनच्या शेवटाकडे उंदराची तहान भागलेली असते आणि तो रेंगाळतो. चाक हलवायला लागणारा वेळ आलेखावर मांडा. जिथून तो सतत लांबत जातो, तिथून पुढच्या ट्रायल पहिल्या विश्लेषणात घेऊ नका.

एका न्यूरॉनकडे नीट बघा

संवादाकडे जाण्याआधी एक न्यूरॉन घ्या आणि एक दिवस त्याच्यासोबत घालवा. एलपीतला निवडा. आडव्या रेषेवर वेळ: गोल उमटण्याच्या २०० मिलिसेकंद आधीपासून ४०० नंतरपर्यंत. उभ्या दिशेने एकाखाली एक ट्रायल. प्रत्येक ठोक्याला एक टिंब. ट्रायल कॉन्ट्रास्टनुसार लावून घ्या, पुसट वर आणि ठळक खाली.

चांगला न्यूरॉन मिळाला तर वरच्या भागात टिंबं मोहरीसारखी विखुरलेली दिसतील. खाली ठळक ट्रायलकडे सरकत जाल तशी गोल उमटल्यानंतर ५० ते १०० मिलिसेकंदांच्या आसपास एक उभी पट्टी दाट होत जाईल. आता फक्त उजव्या गोलाच्या ट्रायल ठेवा, मग फक्त डाव्या. प्रोब डाव्या बाजूला आहे, म्हणून पट्टी उजव्या गोलाला ठळक हवी. नजरेच्या उजवीकडचं दृश्य मेंदूच्या डाव्या बाजूला जातं. उलटं दिसलं तर मागच्या पायरीवर परत जा, बाजूंची अदलाबदल झालेली असणार.

मग तेच चित्र चाक हलण्याच्या क्षणाला शून्य मानून काढा. काही न्यूरॉनची पट्टी आता जास्त रेखीव होते. ते दृश्यापेक्षा हालचालीला बांधलेले आहेत. गटाच्या मोठ्या निबंधातला मुख्य निष्कर्ष हाच आहे: दृश्याचा प्रतिसाद आधी दृष्टीच्या नेहमीच्या भागांत थोडा वेळ उमटतो, मग मध्य आणि पश्च मेंदूतल्या काही भागांत चढत जाणाऱ्या लयीने पसरतो. येऊ घातलेल्या हालचालीची चाहूल मात्र जवळजवळ सगळ्या मेंदूत सापडते. हे वाचणं वेगळं आणि आपल्या पडद्यावर बघणं वेगळं.

आता संवाद

दोन न्यूरॉन बरोबरीने पेटतात म्हणजे ते बोलतात, असं नाही. दोघांनाही तिसऱ्याच कुणीतरी जागं केलेलं असू शकतं. म्हणून या पायरीचं सगळं काम हे इतर कारणं एकेक करून बाजूला काढण्याचं आहे.

सुरुवात अशी करा. प्रत्येक ट्रायलमध्ये गोल उमटल्यानंतरच्या २०० मिलिसेकंदांत कॉर्टेक्सच्या न्यूरॉननी मिळून किती ठोके दिले आणि एलपीच्या न्यूरॉननी किती, ते मोजा. दोन रांगा मिळतील. त्यांचा सहसंबंध (कोरिलेशन), म्हणजे त्या किती बरोबरीने वरखाली होतात ते, काढलात तर तो भरपूर येईल, कारण ठळक गोलाला दोघेही जोरात पेटतात. हे पहिलं कारण, समान दृश्य. ते काढण्यासाठी त्याच बाजूच्या आणि त्याच कॉन्ट्रास्टच्या ट्रायलची सरासरी प्रत्येक आकड्यातून वजा करा. राहील ते ट्रायल-ट्रायलमधलं चढउतार.

मी इथवर पोचले तेव्हा सहसंबंध चांगला शिल्लक होता. आनंदाने आलेख आमच्या गटातल्या एका ताईंना दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "ट्रायल सरकवून बघितलंस का?"

सरकवणं म्हणजे कॉर्टेक्सची पाचवी ट्रायल एलपीच्या सहाव्या किंवा पंधराव्या ट्रायलशी जोडायची. खरा क्षणाक्षणाचा संवाद असेल तर अशा चुकीच्या जोडीत तो दिसता कामा नये. माझ्या आलेखात तो जवळजवळ तेवढाच राहिला. तासाभरात उंदराची तरतरी कमी होते, प्रोब मेंदूत किंचित सरकतो, सगळ्या न्यूरॉनचे ठोके हळूहळू एका दिशेने घसरतात. सावकाश बदलणाऱ्या कुठल्याही दोन रांगांत सहसंबंध दिसतोच. हे दुसरं कारण, आणि माझ्या मते सर्वांत फसवं, कारण नेहमीची सांख्यिकी चाचणी त्याला बिनदिक्कत पास करते. म्हणून एकदा नव्हे, वेगवेगळ्या अंतरांनी पुष्कळदा सरकवा आणि न सरकवलेला आकडा त्या सगळ्यांच्या वर उठून दिसतो का ते बघा.

तिसरं कारण हालचाल. उंदीर मिशा हलवतो, चाटतो, अंग आवळतो, आणि या सगळ्याने मेंदूभर हलकल्लोळ होतो. २०१९ मधल्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी हे दाखवल्यापासून हालचालीचा हिशेब न करता निघालेला निष्कर्ष कुणी सहज मान्य करत नाही. या डेटात चाकाचा वेग आहेच, कॅमेऱ्यांतून काढलेली चेहऱ्याच्या हालचालीची मापंही आहेत. साध्या रेषीय मॉडेलने दोन्ही रांगांतून त्यांचा वाटा वजा करा.

इतकं करून जे उरतं ते बहुधा लहान असतं. लहान असू दे, ते तुमच्या कष्टाचं आहे.

पुढे दोन वाटा आहेत. पहिली वाट मिलिसेकंदांची. कॉर्टेक्सचा एक न्यूरॉन आणि एलपीचा एक घ्या, पहिल्याच्या प्रत्येक ठोक्याभोवती दुसरा आधी-नंतर ५० मिलिसेकंदांत कधी पेटतो ते मोजा. एक सतत काही मिलिसेकंद मागून येत असेल तर शिखर शून्याच्या एका बाजूला दिसेल. ताडून पाहायला प्रत्येक ठोका १०-२० मिलिसेकंदांच्या आत इकडेतिकडे हलवून तोच आलेख पुन्हा काढा. हलवल्यावरही शिखर राहिलं तर ते सूक्ष्म संवादाचं नाही. बहुतेक जोड्या सपाट निघतील. एका न्यूरॉनकडे हजारोंकडून निरोप येत असतात, त्यातला नेमका एक पाठवणारा आपल्या प्रोबवर सापडणं दुर्मीळच.

दुसरी वाट समूहाची, आणि नवख्यांनी हीच धरावी असं मला वाटतं. कॉर्टेक्सच्या सगळ्या न्यूरॉनवरून एलपीच्या ठोक्यांचा अंदाज बांधा. थोड्या ट्रायलवर मॉडेल शिकवा, बाजूला ठेवलेल्या ट्रायलवर तपासा. २०१९ साली माकडांच्या दृष्टी-कॉर्टेक्सवर अशाच पद्धतीने एक सुंदर गोष्ट सापडली: पहिल्या भागातल्या सगळ्या चढउतारांचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही, त्यातल्या मोजक्या दिशाच पुढे पोचतात. घरात कितीही बोलणं चालू असलं तरी शेजाऱ्यांना काही आवाजच ऐकू जावेत, तसं. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हीकडे न्यूरॉनची संख्या सारखी ठेवा, नाहीतर जिथे न्यूरॉन जास्त तिथे संवाद जास्त असा भास होतो.

दुसऱ्या गावचा उंदीर

एका सेशनवर काही सापडलं की प्रोग्राममधली एकही ओळ न बदलता तो दुसऱ्या प्रयोगशाळेच्या त्याच ठिकाणच्या सेशनवर चालवा. मग तिसऱ्या. चार-पाच ठिकाणी तीच दिशा दिसली तर वहीत नोंदवा. एकाच प्रयोगशाळेत दिसली आणि इतरत्र नाही, तर आधी प्रोब खरंच त्याच भागात उतरला होता का ते पाहा. जागा थोडी चुकणं हे फरकाचं नेहमीचं कारण आहे.

एकट्याने करू नका

न्यूरोमॅच अकादमी २०२० पासून ऑनलाइन उन्हाळी वर्ग घेते. शुल्क देशातल्या राहणीमानानुसार ठरतं, आणि छोट्या गटात खऱ्या डेटावर प्रकल्प करायचा असतो. तिथे वापरला जाणारा २०१९ चा एक डेटा, १० उंदीर आणि ३९ सेशनचा, याच चाकाच्या खेळाचा जवळचा भाऊ आहे. वर सांगितलेलं सगळं जड वाटलं तर आधी तो करा. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत स्मृतीच्या गणिती अभ्यासावर 'कॅम्प' ही कार्यशाळा भरत आली आहे. पुण्याच्या आयसरमध्ये आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये चेताविज्ञानावर काम करणारे गट आहेत. तिथे पत्र लिहाल तेव्हा "मला मेंदूत रस आहे" एवढंच लिहू नका. तुमची नोटबुक जोडा, त्यातला एक आलेख आणि तुम्हाला न सुटलेला एक नेमका प्रश्न लिहा.

डेटात किंवा पॅकेजमध्ये काही चूक सापडली तर गटाच्या गिटहबवर कळवा: सेशनचा क्रमांक, प्रोबचं नाव, काय अपेक्षित होतं आणि काय दिसलं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. तुमच्या नोटबुकच्या पहिल्या कप्प्यात डेटाच्या कुठल्या आवृत्तीवर, कुठल्या तारखेला काम केलं ते लिहून ठेवा, कारण न्यूरॉनचे क्रमांक आणि दर्जाचे शेरे पुढच्या आवृत्तीत बदलू शकतात.